ताताय अजून मांडवातच

बुधवार, २३ एप्रिल

दुसऱ्याच्या घरात पाठ टेकायला जागा मिळाली म्हणून जन्मभर उपकार मानायला ज्यांना शिकवलं जातं, त्या माझ्या हाँगकाँगमधल्या बहिणींनो! कायदा सांगतो की कामवालीने मालकाच्याच घरात राहायचं. म्हणजे काम संपलं की आपण घरी जात नाही, काम जिथे आहे तिथेच आडव्या होतो. कुणी कपाटावरच्या फळीवर, कुणी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. या शहरातल्या हजारो दारांच्या किल्ल्या आपल्या खिशात आहेत, पण आतून कडी लावून रडता येईल असं एक दार आपल्याजवळ नाही!

एक मेच्या सभेसाठी सकाळी एवढं लिहून झालं होतं. पोपोची पेज शिजत होती. पोपो म्हणजे मॅडम युंगची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं उठणं-बसणं माझ्या खांद्यावर आहे. तेवढ्यात गावाहून, फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरून तोतोचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. एरवी तो मला 'नांग लालिंग' म्हणतो. मोठ्या बहिणीला आमच्याकडे नांग म्हणतात. आज नुसतं 'नांग' म्हणाला. मागे कोंबडे आरवत होते.

ताताय गेले. उसाच्या फडात उभा जन्म काढलेला माझा बाप पहाटे खोकता खोकता गेला.

"मी आल्याशिवाय माती द्यायची नाही, तोतो."

"हे सांगायला हवं का? परदेशातलं माणूस आल्याशिवाय आपल्या गावात कधी कुणाला माती दिलीय? त्या बेबांगच्या आईला तर पोरगं दुबईहून येईपर्यंत ठेवली होती, शेजारचे म्हणायला लागले की आता तिचं नाव मतदार यादीत घाला."

अशा वेळीही तो हसवतो. मी विचारलं, पेटीचं काय? म्हणाला, "बघतो मी. तू नको काळजी करू."

रडायला न्हाणीघरात गेले. तिथली कडी बिघडलेली आहे. सकाळचं वाक्य खरं निघालं.

मॅडमला सांगितलं. तिने माझा हात धरला. "मला फार वाईट वाटतं, लालिंग. पण आईला मी एकटी उचलू शकत नाही. बदली बाई मिळाली की लगेच जा." वाईट बाई नाही ती. वाईट असती तर सोपं होतं, भांडून निघाले असते. न सांगता गेले तर करार मोडतो, हे शहर सुटतं, पुन्हा मनिलात रांगेत उभं राहायचं. आणि लिरियोचं, माझ्या मुलीचं, नर्सिंगचं शिक्षण शेवटच्या वर्षात आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवार, २५ एप्रिल

घरात मयत असताना आमच्याकडे केर काढत नाहीत. झाडूबरोबर आणखी एखादा जीव उंबऱ्याबाहेर जातो म्हणतात. मी चार पुस्तकं वाचलेली बाई, असल्या गोष्टींची सभेत टर उडवते. तरी आज झाडू हातात घेतला आणि ठेवून दिला.

संध्याकाळी मॅडमने फरशीकडे पाहिलं. मी कारण सांगितलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "पण मयत तुझ्या घरात आहे ना? हे तर माझं घर आहे."

टोमणा नव्हता. जे आहे ते तिने सांगितलं. मी केर काढला.

पोपो खुर्चीतून बघत होती. मॅडम आत गेल्यावर विचारलं, "बाप किती वर्षांचा होता?" मी सांगितलं. "म्हणजे माझ्याहून लहान," ती म्हणाली. मग डोळे मिटून, "उद्या ती कामावर गेली की झाडू नकोस. मी सांगेन झाडलं म्हणून. मला नीट दिसत नाही हे तिला माहीत आहे, माझ्यावर ती रागावणार नाही."

रविवार, २७ एप्रिल

सुट्टी. पुलाखाली नेहमीच्या जागी पुठ्ठे अंथरले. सगळ्या बायांनी तातायसाठी जपमाळेची प्रार्थना म्हटली. मनांग अदेल्फाने घरून लोणचं-भात आणला होता. ती आमच्यात सगळ्यात जुनी, म्हणून तिला मनांग, थोरली ताई म्हणतो; सोन्याचा एक दात, बोलणं मोजकं. आमच्या कामवाल्यांच्या संघटनेला तिचा फारसा उपयोग नाही, पण स्वयंपाक चांगला करते.

मग तोतोने फोनवर ताताय दाखवले. पांढरीशुभ्र पेटी, सोनेरी कड्या, आत झालर. उसाच्या पातींनी कापलेले ते हात रेशमावर ठेवलेले. लग्नाच्या केकमध्ये माणूस घालून ठेवावा तसं वाटलं. फोन जरा हलला आणि मागचा फ्लेक्स दिसला. 'शोकाकुल: मेयर फेर्मिन मोंतेआलेग्रे आणि परिवार.' तातायच्या फोटोपेक्षा मेयरचा फोटो मोठा.

"मागे काय आहे ते?"

"मागे? मांडव आहे."

"मांडवावर थोबाड कुणाचं आहे?"

"लोकांना ऊन लागतं, नांग. मांडव घालायला तू येणार होतीस?"

"आणि पेटी?"

त्याने फोन पेटीवरून दुसरीकडे वळवला.

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं आहेत ती! मोंतेआलेग्रेंचं तांदळाचं पोतं ज्याने त्यांच्या फाटकात नेऊन आपटलं, त्याला तू त्यांच्याच पेटीत निजवलंस?"

"पोतं घेऊन ताताय पुढच्या दाराने गेले ते तू पाहिलंस. मागच्या दाराने नानाय काय करत होती ते कधी विचारलंस तिला?"

"आईला मध्ये आणू नकोस. विषय बदलू नकोस."

"नाही बदलत बाई. सुंभ जळाला तरी तुझा पीळ जायचा नाही. तू ये. आलीस की स्वतःच्या हाताने उतरव तो फ्लेक्स."

"येतेच. तोवर थांबा."

"थांबलोयच ना. दुसरं काय करतोय आम्ही इथे?"

फोन ठेवला. त्या पोत्याची गोष्ट मी किती सभांमध्ये सांगितली असेल! संपाचं वर्ष, नाताळ तोंडावर, फडातलं काम बंद. मळ्याच्या मालकांनी, म्हणजे या मेयरच्या बापाने, प्रत्येक घरी तांदळाचं पोतं पाठवलं. तातायनी आमचं पोतं डोक्यावर घेतलं, सगळी चाळ बाहेर येऊन बघत असताना चालत गेले आणि फाटकात टाकून आले. हात झटकत परतले, एक शब्द बोलले नाहीत. मी त्या दिवशी बोलायला शिकले. तो आठवडा आम्ही कंद उकडून मिठाशी खाल्ले. पुढच्या आठवड्यात मात्र घरात भात होता. नानायच्या हातचा, मऊ. कुठून आला ते आठवत नाही, उसनवारी केली असेल.

अदेल्फाने विचारलं, "म्हाताऱ्याला किती दिवस ठेवणार?"

"मी जाईपर्यंत."

"आणि तो मांडव?"

"तोवर असेल तोही. मग बघते मी त्याच्याकडे."

तिने माझ्या पानात लोणचं वाढलं.

मंगळवार, २९ एप्रिल

नानायशी बोलले. "इंदाय," ती म्हणाली. अजून मला पोरीसारखी हाक मारते. "तुझे ताताय काळवंडायला लागलेत गं."

"देह टिकवायचं औषध टोचणारा माणूस येतो ना?"

"येतो. मेयरचा मुलगाच गाडीतून आणतो त्याला. रोज येतो. माणसं जमली की हात हलवतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. तुझे ताताय असते तर..." मग म्हणाली, "खड्डा खणवून ठेवलाय मी. तुझ्या आजोबांच्या शेजारी. पाऊस आला की त्यात पाणी भरेल."

"मी आल्याशिवाय नाही हं, नानाय."

"बरं. पाय भरून आलेत माझे. उठसूट कॉफी लागते एवढ्या लोकांना. पत्त्यांचा डाव तर मोडतच नाही."

"तोतोच्या बायकोला सांग ना."

"ती पण माणूसच आहे, इंदाय."

किती डोळे लावून बसली आहे माझ्याकडे! मॅडमला पुन्हा विचारलं. एजन्सीचं उत्तर नाही.

दुपारी पोपो झोपल्यावर फोनवरून मतदान केलं. परदेशातल्या आम्हा लोकांना सिनेटर निवडता येतात, मेयर निवडता येत नाही. सरकार आम्हाला 'नवे वीर' म्हणतं, आमच्या कष्टावर देश तगतो म्हणतं. पण माझ्या बापाच्या उशाशी फ्लेक्स लावणाऱ्या माणसाविरुद्ध एक मत टाकायची सोय त्या वीरांना नाही. बारा तारखेला गावात मतदान. इथे अडकित्त्यातल्या सुपारीसारखी बसून मी फक्त निकाल ऐकायचा.

गुरुवार, १ मे

सभा फार चांगली झाली. घसा बसलाय. किल्ल्यांच्या वाक्याला बायांनी खरोखरच खिशातून किल्ल्या काढून वाजवल्या. शेवटी ठरवलेलं सोडून आपोआप सुचलं ते बोलले: "ज्याला विकत घेता येत नाही, त्याला ते वाट बघायला लावतात! वाट बघायला लावणं ही सुद्धा मालकीच आहे!" सगळा घोळका उभा राहिला. मुलींनी फोटो काढून सगळीकडे पाठवले.

ताताय, ऐकलंत का?

शुक्रवार, २ मे

दोन्ही बातम्या एकाच दिवशी आल्या. बदली बाई दहा तारखेपासून येणार, मॅडमने सकाळी सांगितलं आणि खांद्यावर थोपटलं. दुपारी तोतो म्हणाला, "दहाचं तिकीट पाठवतोय. अकराला माती."

"तिकीट कुणाचं?"

"तुला यायचंय की नाही?"

"तोतो, कुणाचं?"

"मेयरच्या मुलाने काढलंय. दुसरं कोण काढणार? मी रिक्षा विकून काढू? आणि तू शिव्या द्यायच्या आधी सांगतो, मी मागितलं नव्हतं. तोच म्हणाला, लालिंगताई यायलाच हव्यात. अकराला रविवार आहे, सगळ्यांना जमेल. बँडही सांगितलाय."

मी तिकीट घेतलं. हो, घेतलं! त्यांच्याच तिकिटावर जाईन, तातायच्या पेटीशी उभी राहीन आणि त्यांच्याच भोंग्यावरून त्या पोत्याची गोष्ट सांगेन. बघू दे मग मेयरचं तोंड. शब्द आत्तापासूनच डोक्यात जुळताहेत.

तातायचा चेहरा बघता येईल. काळवंडलेला असला तरी.

पोपोला सांगितलं तर म्हणाली, "जा." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पेज घेतली नाही.

शनिवार, ३ मे

मासळीबाजारात अदेल्फा भेटली. तिच्या मॅडमचं घर आमच्या पलीकडच्या इमारतीत आहे. माशाचे कल्ले उघडून बघत होती. तेवढ्यात लिरियोने मांडवातून पाठवलेला व्हिडिओ आला, तो दोघींनी मिळून पाहिला.

नवा फ्लेक्स लागलाय. डावीकडे ताताय. उजवीकडे मी, परवाच्या सभेतली, मूठ वर, तोंड उघडं. मधोमध मेयर, दोघांच्या खांद्यांवर हात टाकल्यासारखा. खाली मोठ्या अक्षरांत: 'वीरकन्या लालिंग, गाव तुझी वाट बघतंय! ११ मे.' मेयरचा मुलगा माइकवर बोलत होता. "आमची बहीण परदेशात राबते. ती येईपर्यंत हा मांडव उठणार नाही! मोंतेआलेग्रे कुटुंब शेवटपर्यंत थांबेल!" टाळ्या. मयताच्या मांडवात टाळ्या. कोपऱ्यात नानाय कॉफीचा ट्रे घेऊन उभी, आणि तिचे पाय सुजून चपलेबाहेर आलेले.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"बारा तारखेला मतदान म्हणालीस ना?" अदेल्फाने विचारलं.

"हो."

"आदल्या दिवशी प्रचाराला बंदी असते आपल्याकडे. सभा नाही, मिरवणूक नाही, भोंगा नाही. अजून आहे ना तो नियम?"

"आहे."

"पण प्रेतयात्रा कोण अडवणार? बँड लावून सगळ्या वस्त्यांमधून फिरवतील म्हाताऱ्याला. पुढे तू." तिने मासा पालथा केला. "हा शिळा आहे हो, दादा. डोळे बघा त्याचे."

"मी तिथे त्याचं पितळ उघडं पाडणार आहे, मनांग. सगळ्यांसमोर."

"बँड त्यांचा. तू ओरडलीस की ते मोठ्याने वाजवतील. लोक म्हणतील, बापाच्या दुःखाने पोरगी बावरली."

"मग मी करू तरी काय?"

"मला काय विचारतेस? भाषणं तू करतेस."

ताजा मासा घेऊन ती निघून गेली. मी तिथेच. लोक धक्के देऊन जात होते. पेटी त्याची, मांडव त्याचा, खुर्च्या आणि कॉफी त्याची. पण 'थांबा' हा शब्द माझा होता. तो मी रोज फोन करून दिला. मेयरने मला वाट बघायला लावलेलं नाही. गावाला वाट बघायला लावणारी मी आहे, आणि त्या वाट बघण्याचं भाडं तो वसूल करतोय.

नानाय मंगळवारी खड्ड्याबद्दल का बोलली ते आत्ता कळतंय. मी तिला म्हटलं, मी आल्याशिवाय नाही हं. ती म्हणाली, बरं.

एकदा चेहरा बघायचा होता. एवढंच. एवढंही मागायचं नाही का माणसाने?

रविवार, ४ मे

पुलाखाली बसून लिहितेय. बाया भोवती आहेत.

सकाळी तोतोला सांगितलं की मला मांडवातल्या लोकांशी बोलायचंय, फोन माइकला लाव. प्रार्थनेसाठी पाद्रे ओनोफ्रे आलेलेच होते. मेयरच्या मुलाला तर आनंदच झाला. परदेशातून रडणारी मुलगी, याहून चांगलं काय? त्याने स्वतः ओळख करून दिली, "आता आपली वीरकन्या!" टाळ्या वाजल्या.

काय बोलले ते इथे लिहून ठेवते. पुन्हा कुठल्या सभेत मी हे बोलणार नाही.

"कान्देलारिया मळ्यातल्या ऊसतोड्यांनो, ज्यांच्या दुःखाला सावली द्यायची तरी मालकाचाच मांडव लागतो, त्या माझ्या माणसांनो! मी लालिंग. इथे निजलाय तो माणूस तुमच्याबरोबर फडात वाकला. संपात तुमच्या पुढे चालला. तुम्ही त्याच्यासाठी आलात, माझी आई तुमची ऋणी आहे. पण ज्याच्यासाठी आलात तो आता इथे नाही. इथे जे उरलंय ते रोज काळं पडतंय, आणि आपण त्याला औषध टोचून टोचून ठेवलंय. कशासाठी? माझ्यासाठी. आपली रीत आहे, परदेशातल्या माणसासाठी थांबायचं. पण मी येणार ती अकरा तारखेला. त्या दिवशी इतर कुणाला रस्त्यावर उतरायची परवानगी नाही, फक्त माझ्या बापाच्या पेटीला आहे. त्या पेटीमागे कोण चालेल ते तुम्ही ओळखा. माझ्या बापाने जिवंतपणी कुणाचं ओझं वाहिलं असेल तर ते तुमचं वाहिलं. मेल्यावर त्याला कुणाच्या प्रचाराचं ओझं वाहायला लावू नका. खड्डा तयार आहे. पाद्रे समोर आहेत. खांदे तुमचे आहेत. मी ते तिकीट वापरणार नाही. मी येणार नाही."

एवढ्यात माइक बंद झाला. कुणी केला ते सांगायला नको. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी ओरडलं, "बोलू दे तिला!" मेयरचा मुलगा काहीतरी समजावत होता. मग गलका लांब गेला. तोतो फोन घेऊन पेटीपाशी आला असावा, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"नांग, दाखवू का? शेवटचं बघतेस?"

मी हो म्हणाले. त्याने फोन खाली धरला. पेटीवरची काच धुरकटली होती, आत नीट दिसलं नाही. कपाळ दिसलं. कपाळ तातायचंच होतं.

पलीकडे नानायचा आवाज आला, "पेद्रिंग, अंबो, या रे इकडे." तातायबरोबर फडात काम केलेले म्हातारे आहेत ते. पावलं जवळ आली.

"नांग," तोतो म्हणाला. तो रडत होता. "तू नसताना?"

"मी नसताना. झाकण लाव, तोतो. आत्ता लाव."